घाटवाटेने आलेले

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत तीन दाते स्वतःची ओळख यवन अशी सांगतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली, चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला आणि चंद नावाच्या यवनाने लेण्याचा दर्शनी भाग घडवून दिला. इरिल हे नाव इथले वाटत नाही. चिट आणि चंद ही मात्र सरळसरळ प्राकृत वळणाची नावे आहेत. मानमोडीच्या डोंगरात आणखी एक लेख आहे, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा, वर्ष ४६ चा. शक राजाचा हा अधिकारी आपले गोत्र वत्स असल्याचे सांगतो आणि टाके व मंडप दान देतो. कोकणातली बंदरे आणि घाटावरची बाजारपेठ यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी वसलेल्या या गावात परकी माणसे येत होती, टिकत होती आणि सगळ्यांच्या उपयोगाचे पाणी आपल्या नावावर ठेवून जात होती.

जेमतेम एका पिढीनंतर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यात एका आईने आपल्या मुलाचा गौरव कोरवून घेतला. गौतमी बलश्रीचा हा लेख तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी हा शक, यवन आणि पल्हव यांचा संहार करणारा होता, त्याने वर्णसंकर थांबवला, असे तो लेख अभिमानाने सांगतो. नहपानाच्या पराभवाला नाण्यांचीही साक्ष आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुतेकांवर, नहपानाच्याच नाण्यांवर, गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली दिसते.

एकाच मुलखातले, एकाच काळातले हे दोन दगडी पुरावे. एकात परका दाता आहे, दुसऱ्यात परक्याचा संहार ही राजाची कीर्ती आहे. बाहेरून येणारे लोक, त्यांचे इथल्या समाजात मिसळणे आणि टोकाच्या हिंसेची कारणे यांवर आज जगभर जो वाद पेटला आहे, तो या डोंगरांना नवा नाही. पुढच्या पानांचा विषय तोच आहे, आणि त्याची चर्चा युरोपातल्या शहरांपासून न करता जुन्नर-आंबेगावपासून करण्याचे कारणही तेच आहे.

या वादात तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधले जातात. कोण येते, हा पहिला. आलेल्याला गावात जागा कशी मिळते, हा दुसरा. हत्यार कोण उचलते, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर तिसऱ्याला चिकटवून टाकले की मधला प्रश्न कोणाला दिसतच नाही. ‘बाहेरचे आले आणि दंगे सुरू झाले’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येते. ते तपासण्यासाठी जुन्नरच्या दक्षिणेला, आजच्या पुणे-नाशिक रस्त्यावरच्या चाकणला जावे लागते.

पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा दुसरा याच्या कारकिर्दीत चाकणच्या भुईकोटात एक हत्याकांड झाले. बहमनी दरबारात तेव्हा दोन तट होते. इराण, इराक, मध्य आशियातून नव्याने आलेले ते आफाकी, म्हणजे परदेशी. आणि आधीपासून इथे असलेले ते दख्खनी. परदेश्यांचा म्होरक्या मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन कोकणच्या स्वारीवर गेला. तिथल्या शिर्के सरदारांनी त्याला वाट दाखवण्याच्या मिषाने खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडाच्या, रानात नेले आणि तिथे त्याचा व त्याच्या माणसांचा घात झाला. दख्खनी सरदार त्या रानात शिरलेच नव्हते. वाचलेले परदेशी चाकणला परतले. दख्खन्यांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले ही हकीकत सुलतानाला कळवायची, असे त्यांच्या मनात होते. त्यांच्या आधी दख्खन्यांचे पत्र बिदरला पोहोचले: परदेशी फितूर झाले आहेत, कोकणच्या राजांना मिळाले आहेत. सुलतानाने शिक्षेचा हुकूम दिला. चाकणच्या कोटाला सुमारे दोन महिने वेढा पडला. कोट पडेना, तेव्हा माफीचे खोटे आश्वासन देऊन, शपथा वाहून आतल्यांना बाहेर बोलावले, मेजवानी दिली आणि जेवायला बसलेल्यांची कत्तल केली.

ही हकीकत मुख्यतः इतिहासकार फरिश्त्याने लिहिली आहे. तो स्वतः इराणातून आलेला, म्हणजे आफाकीच. पुढे निजामशाहीतही परदेश्यांवर हत्यार चालले, तेव्हा १५८९ साली तो अहमदनगर सोडून विजापूरला गेला. मेलेल्यांचे त्याने दिलेले हजारांतले आकडे म्हणूनच जपून घ्यावे लागतात. घटनेचा सांगाडा मात्र स्पष्ट आहे, आणि आजच्या वाचकाने त्यावर थांबावे असा आहे. परदेशी संख्येने वाढले म्हणून चाकणचे हत्याकांड झाले नाही. एका पराभवाची जबाबदारी कोणाच्या तरी माथी मारायची होती, खोटी बातमी आधी पोहोचली, खरी अडवली गेली आणि सत्तेने चौकशी न करता हुकूम काढला. जीव वाचवून निसटलेल्यांनी नंतर सुलतानाला खरा प्रकार सांगितला आणि त्याने दख्खनी सरदारांना शासन केले, असे फरिश्ताच लिहितो. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

दख्खनी म्हणजे तरी कोण? महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली, त्यांचे अनेक वंशज यात होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आलेल्यांची नातवंडे-पतवंडे आता ‘इथली’ झाली होती. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की आफ्रिकेतून आणलेले हबशी या भांडणात दख्खन्यांच्या बाजूला मोजले जात. समुद्र ओलांडून आलेला हबशी स्थानिक आणि समुद्र ओलांडून आलेला इराणी परका! ही रेघ जन्मभूमीने आखली नव्हती. जहागिरी, मनसबी आणि दरबारातली जवळीक यांच्या वाटपाने आखली होती. परप्रांतीय कोण आणि आपला कोण, हे आज कोणी ठामपणे सांगू लागला तर ही गोष्ट आठवावी.

या तंट्यातूनच जुन्नरचे भाग्य बदलले. गिलानहून आलेला वजीर महमूद गवान याने बलाढ्य सुभेदारांचे बळ कमी करण्यासाठी चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या, तेव्हा दौलताबादपासून वेगळी काढलेली तरफ जुन्नरची होती. १४८१ साली एका बनावट पत्राच्या आधारे गवानाला ठार मारण्यात आले. पुन्हा पत्र, नशेतला सुलतान, पुन्हा नंतरचा पश्चात्ताप. त्या कटाचा फायदा झालेल्यांत दख्खनी गटाचा मलिक हसन होता. तो जन्माने पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, युद्धकैदी म्हणून बहमनी दरबारी वाढलेला. त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली जुन्नरहून निजामशाही उभी केली. आणखी सव्वाशे वर्षांनी त्याच निजामशाहीचा कारभार गुलाम म्हणून विकला गेलेला इथिओपियाचा मलिक अंबर काही काळ जुन्नरहूनच पाहत होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत शहाजीराजे होते. सहा वर्षांनी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. जुन्नरचा हा इतिहास बाहेरच्यांना वगळून सांगता येत नाही, आणि बाहेरच्यांवरचा राग वगळूनही सांगता येत नाही.

इथवर येणाऱ्यांची गोष्ट झाली. जाणाऱ्यांची तितकीच मोठी आहे.

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो चाकाखाली गेला. वय बावीसच्या आसपास. त्याच्या हौतात्म्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तो पोटासाठी गाव सोडून गेलेला स्थलांतरित होता, याकडे फारसे लक्ष जात नाही. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या दर पाच रहिवाशांमागे चारांहून अधिक लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. कोकण, देश, गुजरात, उत्तर हिंदुस्थान, सगळीकडून माणसे आली आणि चाळींच्या खोल्यांत गावानुसार, जातीनुसार राहू लागली. जुन्नर-आंबेगावची माणसेही त्यांत होती. गावकीच्या खोल्या, खानावळी, गावजत्रेची वर्गणी, गिरणीत ओळखीच्या जॉबरकडून मिळणारे काम. आलेला माणूस शहरात रुजतो तो असल्या जाळ्यांतून, आणि त्यालाच पुढे ‘ते आपल्यातच राहतात, मिसळत नाहीत’ असा ठपका मिळतो.

त्याच मुंबईत १९६० साली ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू झाले, १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. कार्यालयांतल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापून आल्या आणि मग दाक्षिणात्यांच्या हॉटेलांवर दगड पडले. मराठी तरुणाची बेकारी खरी होती. कारकुनी नोकऱ्यांत तो मागे पडत होता, हेही खरे होते. त्या दुखण्याला खोटे म्हणणाऱ्यांनी मराठी समाजावर अन्यायच केला. परंतु यादी छापणे आणि दगड मारणे यांच्यामध्ये कोणीतरी निर्णय घेतो, कोणीतरी माणसे जमवतो, आणि त्यानंतरच्या निवडणुकीत कोणाला तरी त्याचे पीक मिळते. बेकारी आपोआप हिंसा करीत नाही. २००८ साली लक्ष्य बदलले, दाक्षिणात्यांच्या जागी उत्तर भारतीय आले. फेब्रुवारीत नाशिक-पुण्यातून मजूर गाड्या भरून निघून गेले, बांधकामे आणि कारखान्यांतली कामे खोळंबली. ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण झाली. चाळीस वर्षांत मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न त्या मार्गाने सुटला असता, तर त्याच मार्गावर पुन्हा यावे लागले नसते.

आज जुन्नर-आंबेगावचा बागायती पट्टा बाहेरच्या हातांवर चालतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हंगामात परराज्यांतले व्यापारी मुक्कामाला असतात. तिथल्या मजूर अड्ड्यावर पहाटे जमणाऱ्यांत जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातले आणि अकोले तालुक्यातले आदिवासी असतात: महादेव कोळी, ठाकर, कातकरी. शेतकरी पिकअप घेऊन येतो, रोज ठरतो, माणसे बसतात. दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाची उचल डोक्यावर असलेली नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि विघ्नहर व भीमाशंकर या साखर कारखान्यांचे गाळप त्यांच्या जोरावर चालते. उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी उघड्यावर, कोपीत, पोरांना कुशीत घेऊन झोपायची वेळ या बाहेरच्यांवरच येते.

आणि स्थानिक तरी सगळे एकाच अर्थाने स्थानिक आहेत का? आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. त्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. पाणी कालव्याने पूर्वेकडे गेले, ऊस आणि भाजीपाला पिकला, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या खोऱ्यातली माणसे त्याच पूर्वेच्या शेतांत रोजाने कामाला आली. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गाडली गेली आणि उरलेल्यांना नव्या जागी गाव वसवावे लागले. सीमा न ओलांडताही माणूस उपरा होतो, हे आंबेगावकरांना शिकवावे लागत नाही.

अड्ड्यावरच्या आदिवासी मजुराची एक तक्रार इथे स्पष्ट मांडायला हवी. दुसरी टोळी कमी रोजावर काम घेते तेव्हा त्याचा रोज पडतो. चाकण-रांजणगाव पट्ट्यात भाड्याच्या खोल्या, पाणी आणि कचरा यांचा ताण गावांवर येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रांजणगाव औद्योगिक वसाहतीजवळ बनावट भारतीय कागदपत्रांवर राहणाऱ्या बांगलादेशी नागरिकांना अटक झाली; देशात कोण येते हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. या तक्रारींना द्वेष म्हणून झटकणारे लोक आणि त्या तक्रारींवर दंगल शिजवणारे लोक, दोघेही मजुराचे प्रश्न जिथल्या तिथे ठेवतात. पडलेल्या रोजाचे उत्तर किमान वेतनाच्या अंमलबजावणीत आहे, खोट्या कागदाचे उत्तर तो कागद विकणाऱ्यापर्यंत पोहोचण्यात आहे.

मग हत्यार कोण उचलतो? पुणे जिल्ह्यापुरते पाहिले तरी उत्तर सोपे राहत नाही. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण मेले. त्याआधी, २००८ साली, दहशतवादी ईमेल पाठवल्याच्या आरोपाखाली पोलिसांनी पकडलेल्यांत पुण्यातला चांगल्या पगाराचा संगणक अभियंता होता. दारिद्र्य हे एकच कारण मानणाऱ्यांची तिथे अडचण होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या आणि मे २०२४ मध्ये त्या खुनासाठी ज्या दोघांना जन्मठेप झाली ते याच महाराष्ट्रात वाढलेले तरुण होते. २ जून २०१४ रोजी, शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर पसरल्यानंतर, हडपसरमध्ये जमावाने एका मुसलमान संगणक अभियंत्याला ठेचून मारले. त्या चित्रांशी त्याचा संबंध नव्हता. तो सोलापूरहून नोकरीसाठी पुण्यात आला होता. जानेवारी २०२३ मध्ये या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. या प्रत्येक प्रकरणात धर्म वेगळा, संघटना वेगळी, कायद्याचा शेवट वेगळा. बाहेरून आलेल्यांची संख्या हे कारण मात्र यांतल्या कोणत्याच प्रकरणाला लागू पडत नाही.

अफवेचे काम आणखी वेगळे. ऑगस्ट २०१२ मध्ये आसामातल्या हिंसाचारानंतर मोबाइलवरच्या संदेशांनी अशी भीती पसरली की पुणे आणि बेंगळुरूमधून ईशान्येकडचे विद्यार्थी आणि कामगार हजारोंनी निघून गेले. सरकारला एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवस बंदी घालावी लागली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून मंगळवेढा भागातल्या पाच डवरी गोसावींना जमावाने मारून टाकले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी जमातीची ही माणसे होती, आणि मारणारे ज्या पट्ट्यातले, तिथले आदिवासी स्वतः कामासाठी गुजरातेत जातात. एका फिरत्या समाजाने दुसऱ्या फिरत्या समाजाची माणसे मारली. चाकणच्या पत्राला बिदरला पोहोचायला काही दिवस तरी लागले असतील. राईनपाड्याच्या अफवेला तेवढाही वेळ लागला नाही.

जगातली उदाहरणेही असाच गुंता दाखवतात. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२ जणांचा जीव घेणाऱ्या चौघा आत्मघातक्यांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते. स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीचा प्रश्न तिथे खरोखर उभा राहतो आणि त्याकडे डोळेझाक करून चालत नाही. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेत ७७ जण मारले गेले, तेव्हा पहिल्या काही तासांत अनेकांनी इस्लामी दहशतवाद्यांचे नाव घेतले. मारेकरी नॉर्वेचाच, स्थलांतरितांचा द्वेष करणारा निघाला. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये मशिदींत ५१ जणांना मारणारा स्वतः ऑस्ट्रेलियातून तिथे आलेला होता. दहशतवादी जाळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मार्क सेजमन यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात दाखवले की अशा गटांत माणूस विचारसरणी वाचून एकट्याने क्वचितच जातो. मैत्री आणि नातेसंबंध त्याला आधी ओढून नेतात, विचार नंतर पक्के होतात. मराठी घरांना हे लगेच पटेल. पोरगा कोणात बसतो-उठतो, याची चिंता इथल्या आईबापांना कायमच असते.

म्हणून मधला प्रश्न, आलेल्याला जागा कशी मिळते हा, पुढच्या पानांत सर्वाधिक जागा घेतो. मिसळणे याचा अर्थ आलेल्याने पोशाख, भाषा, देव बदलणे एवढाच घेतला जातो. मराठी शिकावी ही अपेक्षा रास्त आहे, आणि अड्ड्यावर, बाजारात, शाळेत ती रोजच्या गरजेने शिकलीही जाते. परंतु चिट आणि चंद यांनी नावे बदलली असतील, तर इथल्या संघाने त्यांचे दान स्वीकारून ती नावे दगडावर कोरूही दिली. दोन्ही बाजूंनी काही तरी घडले. आजच्या ऊसतोड कामगाराकडे गावाच्या कोणत्या दफ्तरात आपले नाव लिहायला जागा आहे? तो पाच-सहा महिने जुन्नरच्या शिवारात राहतो, मत मात्र बीडमध्ये. मुलांची शाळा मधेच सुटते. साखरशाळांचे प्रयोग झाले, टिकले थोडे. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा त्याला लागू होत नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसे. कोणत्याही गावची शिधापत्रिका देशात कुठेही चालावी अशी योजना आली आहे. ती कोपीत राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती धान्य देते की नाही, हे कारखान्याच्या फडावर जाऊनच पाहावे लागते.

पुढचे लेख तिथूनच सुरू होतात: उसाच्या फडावरून, नारायणगावच्या अड्ड्यावरून, डिंभ्याच्या पुनर्वसित वस्त्यांतून आणि चाकणच्या भाड्याच्या खोल्यांतून. त्यांत बोलणाऱ्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत. रोज पडला म्हणून परप्रांतीयांवर चिडलेला ठाकर मजूर त्यांत आहे, परप्रांतीय मजूर नसतील तर बाग काढून टाकावी लागेल असे सांगणारा द्राक्ष बागायतदार आहे, भाडेकरूंची पोलीस नोंदणी करा असे म्हणणारा सरपंच आहे, आणि दर वर्षी नव्या गावात मुलांना कुठे बसवायचे हे विचारणारी बीडची बाई आहे. तिचा प्रश्न आधी घेतला आहे, कारण त्याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत, याच हंगामात देता येण्यासारखे आहे.